बुटक्यांनो, फोल्डिंग ई-सायकल घेताय? आधी टेप काढा

आधी घरी स्वतःचं माप घ्या. चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. समजा 68 सेंटीमीटर आलं, तर तो तुमचा आकडा. एकूण उंची विसरा, सारख्या उंचीच्या दोघांचे पाय सारखे नसतात.

आता ती गोष्ट, जी मागच्या वेळी मी बघितलीच नाही आणि सायकल विकावी लागली. सीट पूर्ण खाली केल्यावर जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंत किती? पूर्ण खाली केल्यावर! जाहिरातीत 'इतक्या उंचीपासून इतक्या उंचीपर्यंत' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, पाय पेडलला पोचणं वेगळं आणि जमिनीला टेकणं वेगळं. सिग्नलला थांबलात की वीस-बावीस किलोचं धूड पायाच्या अंगठ्यावर तोलायचंय. हा आकडा तुमच्या 68 च्या आसपास, फार तर दोन-तीन सेंटीमीटर जास्त असेल तर पुढे बोला. माहितीत दिला नसेल तर विचारा, टेप लावलेला फोटो मागवा, समोर असेल तर स्वतः मोजा, पण मोजा.

शिवाय सीटच्या दांड्यात सस्पेन्शन असेल तर स्प्रिंगचा भाग नळीत जात नाही, म्हणजे तुम्ही कितीही दाबा, सीट तेवढी वरच राहणार. साधा दांडा बसवून मिळतो का विचारा. काही मॉडेलमध्ये बॅटरीच दांड्याच्या आत असते, तिथे तो बदलणं-कापणं विसरा. जाडजूड गादीची सीट काढून पातळ टाकली तरी थोडी उंची कमी होते. आणि फॅट टायरच्या मोहात पडू नका. 20 इंची चाकाची रिम 406 मिलिमीटरचीच, पण पावणेदोन इंची टायरवर चाक बाहेरून साधारण 50 सेंटीमीटर भरतं, चार इंचीवर 60. बहुतेकदा सीट वर जाते आणि वजन तर वाढतंच.

पाय ओलांडून बसायचा मधला दांडा जितका खाली तितकं बरं, सांगायला नको. हँडल वर-खाली होतं हे सगळे सांगतात, पण सीटपासून लांब किती ते बसूनच कळतं, हात ताठ होत असतील तर मान दुखणार. छोट्या हातांना ब्रेकचा लिव्हर लांब पडतो, बऱ्याच लिव्हरना तो जवळ आणायचा बारीक स्क्रू असतो, तो आहे का बघा. क्रँक, म्हणजे पेडल लावलेला दांडा, सहसा 170 मिलिमीटरची येते, आखूड पायांना 160 च्या आसपासची मिळाली तर गुडघे छातीकडे येत नाहीत.

मोटर चालू करणारा सेन्सर कुठला ते विचाराच. पेडल फिरतंय एवढंच ओळखणारा असेल तर मोटर कधीकधी थोडी उशिरा आणि झटक्याने लागते, पाय नीट टेकत नसताना तो झटका नको वाटतो. पेडलवरचा जोर ओळखणारा महाग, पण त्याने मोटर हळू सुरू होते. आणि हो, परत सांगते, सीट पूर्ण खाली करून बसा, दोन्ही पाय टेकवून बघा, दुकानदार 'सवय होते' म्हणेल, नाही होत.

मग घडी. स्वतः घाला, स्वतः उचला, दोन जिने चढा. बुटक्या माणसाच्या हातात घडी घातलेली सायकल पायरीला आपटते, त्यामुळे ढकलत नेता येते का ते जास्त महत्त्वाचं. बॅटरी घडी न घालता निघते का बघा, काहींची निघत नाही.

बाकी रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर त्याचा, आकडा अर्धा धरा. 36 व्होल्ट, 10 ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर, विमानात मर्यादा 160 ची, तेव्हा सायकल विमानाने न्यायचं डोक्यातून काढा. लाइट, कुलूप, हेल्मेट घ्यालच. परत करायची मुदत वाचा आणि तोवर खोकं फेकू नका.