बाबांची पद्मिनी घाटात का बंद पडायची

बाबांची 1985 ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. फार जीव आहे माझा तिच्यावर! पण मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात हमखास बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. प्लग, पॉइंट, कॉइल, ठिणगी पाडणारं सगळं बदलून झालं. शेवटी एकदा बंद पडल्या पडल्या इंजिनाच्या फ्युएल पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर, ओलं फडकं ठेवलं. चुर्र आवाज झाला, पाच मिनिटांत गाडी सुरू! म्हणजे उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ होत होती आणि इंजिनाला पेट्रोल मिळतच नव्हतं. जुन्या दुरुस्तीत कुणीतरी पेट्रोलची नळी एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या तापलेल्या पाइपला, अगदी खेटून नेली होती. ती चार बोटं लांब घेतली, क्लिपा नव्या लावल्या, वरून उष्णतारोधक आवरण चढवलं. परवा भर दुपारी घाट चढलो, आई मागे निवांत पेंगत होती.