गळ्यावरची पट्टी: जुन्या खुनाला नवा खून कसा जोडावा

खानदानी घरातला खून आणि प्राचीन काळ एकाच कादंबरीत आणायचे असतील, तर आधी जुना खून पक्का करा. नवा त्यातूनच सुचतो. माझ्या कादंबरीचं असंच झालं.

मी निवडला प्राचीन इजिप्तचा राजा, फारो तिसरा रामसेस. इसवी सनापूर्वी ११५५च्या सुमारास त्याच्या जनानखान्यात त्याच्या खुनाचा कट शिजला. तिये नावाच्या राणीला आपला मुलगा पेंतावेरे गादीवर हवा होता. खटल्याची हकिकत इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर आहे. त्यातली एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही: काही न्यायाधीशच आरोपी बायकांबरोबर खानपानाला बसले, आणि शिक्षा म्हणून त्यांचे नाक-कान कापले गेले. उच्चभ्रू समाजाबद्दल याहून जास्त काय हवं? माझ्या कथेतला मॅजिस्ट्रेट खुनाच्या रात्री त्याच टेबलावर जेवायला आहे, तो इथूनच आला.

मग वहीत दोन रकाने आखा: काय घडलं, आणि ते कोणत्या साली कळलं. हे काम कंटाळून टाळू नका. रामसेसची ममी १८८१ साली उजेडात आली, १८८६ साली उलगडली, पण गळ्याभोवतीचं जाड कापड तसंच राहिलं. गळा हाडापर्यंत चिरलेला आहे हे सीटी स्कॅनमुळे २०१२ साली जाहीर झालं. म्हणजे १८९०च्या लंडनमधल्या माझ्या शोधकर्त्याला खटला ठाऊक असू शकतो, जखम नाही. त्याच्या तोंडी ती घातली की कादंबरी तिथेच खोटी पडते.

पण ते झाकलेलं कापड माझ्या मनातून जाईना. त्या काळी पुरुषांची कॉलर सुटी असे. खळ देऊन ताठ केलेली, पुढे-मागे बटणांनी सदऱ्याला अडकवलेली. माझा लॉर्ड दोरीनं गळा आवळून मारला जातो. चुरगळलेली कॉलर काढून खुनी नवी चढवतो. घरचा डॉक्टर ती न सोडताच हृदयविकार लिहून मोकळा होतो. एवढ्या मोठ्या घरात मालकाचा गळा उघडा करा म्हणायची कुणाची छाती? सदरा घामेजलेला, कॉलर मात्र कोरी. हा धागा जेवणाच्या गडबडीत, अर्ध्या वाक्यात टाका. वाचकाला पुढे मागची पानं उलटून तो सापडला पाहिजे.

विषाचा मोह होईल. सोमल (आर्सेनिक) वापरायचा तर लक्षात ठेवा, तो ओळखणारी मार्श चाचणी १८३६पासून आहे. आणि ममीचा शाप तर नकोच. ती आवई खरी पेटली १९२३ साली, तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन वारल्यावर; शिवाय शापानं मेलेल्या माणसाला न्याय मिळत नाही.

उलगडा शोधकर्त्याकडून करवू नका. माझ्याकडे तो धुणं मोजणारी मोलकरीण करते. एका रात्रीच्या दोन कॉलरी कशा, एवढंच ती विचारते.