ख्रिस्ती कॉलेजात चॅटबॉटचा नियम ठरवताना

मी नवी मुंबईतल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात मूल्यशिक्षण शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये चॅटबॉटचा विषय निघाला की गाडी लगेच देवावर येते. एकाचं म्हणणं, बुद्धी ही देवाची देणगी, ती यंत्राकडे कशाला गहाण टाकायची? दुसरा म्हणतो, यंत्रही त्याच बुद्धीतून आलंय ना! दोघंही श्रद्धेपोटीच बोलतात, म्हणून मीटिंगमध्ये श्रद्धेवर हात वर करायला लावू नका. एक असाइनमेंट टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाला आधी कागदावर लिहू द्या: हे काम आपण मुलांना देतो कशासाठी?

आम्ही वृद्धाश्रमाच्या भेटीचं मनोगत आणि असेंब्लीसाठीची छोटी प्रार्थना घेतली होती. मनोगताचा निकाल चटकन लागला. ‘आजींच्या डोळ्यांतील करुणेने मी अंतर्मुख झालो’ असं लिहिणाऱ्याला त्या आजींचं नाव सांगता येत नव्हतं. तिथे चॅटबॉट बंद. प्रार्थनेवर मात्र जुंपली. एका सिस्टरांनी विचारलं, आपण पाठ केलेल्या प्रार्थना म्हणतोच की, त्या तरी कुठे आपल्या शब्दांत असतात? शेवटी ठरलं की उसनी प्रार्थना चालेल, पण कुठून आणली ते सांगायचं. मला हे अजून पुरतं पटलेलं नाही. नियम म्हणून ठीक आहे.

कॅथलिक सहकारी असतील तर व्हॅटिकनचं ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं (एआय) २८ जानेवारी २०२५ चं टिपण आधी वाचायला द्या. सगळं नको, शिक्षणाचा भाग पुरे. त्यात चॅटबॉटवर सरसकट बंदी नाही; शिक्षक वर्गात प्रत्यक्ष असण्याला पर्याय नाही, आणि मुलांना आयती उत्तरं मिळाली तर विचार खुंटतो, यावर भर आहे. प्रोटेस्टंट मंडळींना व्हॅटिकनचा दाखला देऊन गप्प करू नका, उलटंच होईल.

मग प्रोजेक्टर लावा आणि चॅटबॉटला विचारा, ‘आठवी आज्ञा कोणती?’ बायबलमधल्या दहा आज्ञा सगळे पंथ सारख्या मोजत नाहीत: कॅथलिकांच्या मोजणीत आठवी खोटी साक्ष न देण्याची, मेथडिस्ट किंवा अँग्लिकन पंथांच्या मोजणीत चोरी न करण्याची. कोणाची मोजणी, हे न सांगता तो एकच उत्तर ठामपणे देतो का, ते बघा. बायबलमधल्या वचनांचा अध्याय आणि ओवीही पुस्तक उघडून ताडून घ्या. एरवी चॅटबॉटची बाजू घेणारेही इथे जरा सावध होतात.

एआयने लिहिलेलं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कोणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यापेक्षा सबमिशनच्या वेळी दोन प्रश्न तोंडी विचारा. साठ मुलांच्या वर्गात वेळ जातो, पण दुसरा भरवशाचा उपाय मला तरी माहीत नाही.

नियम लिहिताना ‘पाप’ हा शब्द टाळा. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुलं मोजकीच. ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्या हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलांनाही नियम आपला वाटला पाहिजे. प्रत्येक असाइनमेंटच्या डोक्यावर तीनपैकी एक छापा: ‘बंद’, ‘विचारायला चालेल’ किंवा ‘वापरा आणि सांगा’. प्राध्यापकांच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्सही यातच धरा, नाहीतर मुलं पहिल्याच तासाला विचारतील.