धुऱ्यावरचा काळा गोटा घ्या अन् पोरायले मॉरिशस सांगा

आमच्या गावच्या अभ्यासिकेत आठवी-नववीची पोरं येतात, अन् स्पर्धा परीक्षावाले दोन-चार मोठे पोट्टे. मागच्या साली मी त्यायले मॉरिशस शिकवलं ते गाईडातून, राजधानी पोर्ट लुई, चलन रुपया, स्वातंत्र्य 12 मार्च 1968, लिहून घ्या. अर्धी पोरं जांभया देत होती, अन् आठ दिवसांनी विचारलं तर एकानं राजधानी कोलंबो सांगितली. मंग मी पद्धतच बदलली. ते कसं करायचं ते सांगतो, कोणाले कामी पडन.

पहिले एक संत्रं घ्या. आपल्या इकडं ग्लोब नसन भेटत पण संत्रं तं भेटतेच. त्याच्या बरोब्बर मधातून पेनानं गोल रेघ मारा, हे विषुववृत्त. रेघेच्या वर थोडं अंतर सोडून एक ठिपका, तो आपला यवतमाळ, 20 अंश उत्तरेच्या जरासा वर. आता तेवढंच अंतर रेघेच्या खाली मोजा अन् थोडं डाव्या हाताले सरकून दुसरा ठिपका द्या, हे मॉरिशस, 20 अंश दक्षिण, आफ्रिकेजवळच्या मादागास्करच्या पूर्वेला. एवढं झालं की ऋतू आपोआप समजतात. आपल्याकडं पेरणीची घाई चालू राहते तवा तिकडं थंडी पडलेली असते अन् ऊसतोड सुरू होते, अन् आपण हिवाळ्यात शेकोटी करून बसतो तवा तिकडं उन्हाळा अन् चक्रीवादळाचे दिवस. आकाराचं म्हणाल तर सगळे बेट धरून 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सहा मॉरिशस बसून वरतून जागा उरते. लोक साडेबारा लाखाच्या आसपास.

आता खरी मजा. वावराच्या धुऱ्यावरून एक काळा गोटा उचलून आणा अन् पोरायच्या हातात द्या. हा बेसाल्ट हाय, लाव्हा थंडा होऊन झालेला, अन् आपली पराटीची काळी माती याच गोट्याची झिजून झाली. मंग एक जुना पेपर घ्या, एका पोराले पेटलेली अगरबत्ती धरायले लावा, हात अजिबात हलवायचा नाही, अन् दुसऱ्यानं पेपर तिच्यावरून हळूहळू वरच्या दिशेनं ओढायचा, मधात मधात थांबत. जिथं थांबला तिथं भोक. अशी भोकांची रांग तयार होते. सगळ्यात वरचं, पहिलं भोक म्हणजे आपलं दख्खनचं पठार, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. त्याच्या खाली मालदीव, मंग चागोस बेटं, मंग मॉरिशस साधारण 80-90 लाख वर्षांचं, अन् शेवटी बाजूचं रियुनियन बेट, तिथला ज्वालामुखी अजूनही पेटते. जमिनीखालची चूल एकच, वरचा तवा सरकत गेला. (मधात प्लेट, म्हणजे तो वरचा तवाच, बदलते, ती भानगड मोठ्या पोट्ट्यायले नंतर सांगा, लहान्यायले आत्ताच सांगाल तर सगळंच इस्कटते.) खाली ताट ठेवा बरं, आमची नवी चटई जळाली अन् अजूनही त्यावरून मले बोलणे बसतात.

गोटा हातातच ठेवा, इतिहास तिथूनच निघते. त्या बेटावर पहिले वस्तीच नव्हती, डोडो नावाचा न उडणारा पक्षी अन् जंगल. डच 1598 मध्ये उतरले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, अन् 1639 मध्ये जावाहून ऊस आणला. डोडो शंभर वर्षाच्या आतच संपला, ऊस मात्र टिकला, कारण वादळात झाडं मोडतात पण ऊस लवते अन् पुन्हा उभा राहते. 1710 मध्ये डच निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी घेतलं. उसाले हात लागतात, ते फ्रेंचांनी आफ्रिका अन् मादागास्करहून गुलाम आणून भागवले. 1835 मध्ये गुलामी बंद होणार हे आधीच दिसलं, मंग मळेवाल्यायची नजर आपल्याकडं. 2 नोव्हेंबर 1834 ले 36 मजुरायचं जहाज कलकत्त्याहून तिथं लागलं, अन् पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखाच्या वर माणसं. करारनाम्याले हे लोक गिरमिट म्हणत. पोरायले समजत नसन तर ऊसतोडीची उचल सांगा, पैसा आधी घेतला की पाय बांधले गेले, ते लगेच समजतात. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यायनं चढलेल्या 16 पायऱ्या अजून हायेत, अन् मळ्यातले काळे गोटे वेचून त्यायनं रचलेले ढीग आजही उसात दिसतात. आपल्या धुऱ्यावर आजोबायनं रचलेत ना, तसेच.

संस्कृतीत जास्त नावं सांगू नका, दोनच गोष्टी दाखवा. एक तं सेगा, गुलामायचं गाणं-नाचणं. त्याचं वाद्य रावान, बकरीच्या कातड्याचं, वाजवायच्या आधी जाळावर शेकून ताणतात. आपल्या गावात डफडं इस्त्यावर शेकतात ते पोरायनं पाह्यलेलं हाय, तिथं बोट दाखवा, बस. बोलीभाषा क्रिओल हाय, फ्रेंचातून झालेली, पण मुंबई बंदरातून गेलेल्यायची मराठीही तिथल्या शाळेत शिकवतात अन् गणेश चतुर्थीले सरकारी सुट्टी राहते, हे सांगितलं की मागच्या बाकावरचे पण मान वर करतात.

दुसरी गोष्ट खायची. ढोल पुरी. चण्याची डाळ हळद टाकून शिजवा, पाणी पुरं निथळा, कोरडी वाटा, जिरं भाजून टाका, अन् पुरणासारखं भरून पातळ लाटा. तिकडं ही रस्त्यावर जोडीनं विकतात, वालाचा रस्सा अन् टमाट्याची चटणी लावून. आमच्या घरी केली तवा एका पोरीनं घास तोंडात धरूनच विचारलं, सर, एवढ्या साखरेचा देश अन् यायच्या पुरणात गूळच नाही काहून?