मासळी बंद, मग रात्री काय? माझा अनुभव

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मालवणात आमच्याकडे रोज संध्याकाळी एकच प्रश्न: भातावर काय? सासूबाईंना हलकं हवं, मुलांना डाळ नको.

शेवटी कुळथाच्या पिठीवरच आले. आधी मी गरम पाण्यात पीठ टाकायचे, गुठळ्या व्हायच्या आणि मुलं ताट सरकवायची. सासूबाई म्हणाल्या, "अगो, थंड पाण्यात कालव आधी." तेवढ्यानेच काम झालं. आता चौघांना चार मोठे चमचे पीठ वाटीभर थंड पाण्यात कालवते. तेलात ठेचलेली लसूण चांगली लाल करते (यात घाई नकोच), मग मिरची, कांदा, हळद. तीन वाट्या पाणी उकळलं की कालवलेलं पीठ हळूहळू ओतत ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटं मंद आचेवर शिजू द्यायची, नाहीतर कच्चट लागते. मीठ, तीन कोकमं, वर ओलं खोबरं.

सोबत उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा. धाकटा आता पिठी वाटीतून पितो. आठवड्यातून तीन रात्री हेच असतं, कोणी कुरकुरत नाही.