कोपरा दाबला की काजवे पेटणारं कार्ड

मे संपत आला की लोक भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जातात, आमचं यंदा जाणं झालं नाही म्हणून लेकीबरोबर घरीच काजव्यांचं कार्ड केलं. सोल्डरिंग (धातू वितळवून तारा जोडणं) लागत नाही, तासाभरात होतं.

सामान: जाड कार्डशीट, किचनमधली फॉइल, सेलोटेप, ३ पिवळे एलईडी, सीआर२०३२ बटण सेल. एलईडी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात.

आधी सेलबद्दल. घरात लहान भावंड असेल तर हा सेल क्षणभरही टेबलावर सोडू नका, गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं, शंका जरी आली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सुरुवातीला मुलांना नुसता एलईडी द्या, त्याच्या दोन पायांत सेल चिमटीत धरायला सांगा, लांब पाय प्लसकडे. पेटला की जो चेहरा होतो ना, त्यासाठीच हे सगळं करायचं! रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग) लागत नाही कारण या सेलमधून करंटच कमी निघतो, ९ व्होल्टच्या बॅटरीला मात्र असा थेट लावू नका, जळेल.

आता कार्डशीट मधोमध दुमडा. वर बरणीचं चित्र, काजव्यांच्या जागी भोकं. आतल्या पानावर फॉइलच्या दोन समांतर पट्ट्या चिकटवा, फॉइल दुहेरी घडी करून घ्या नाहीतर फाटते. एलईडी भोकांच्या खाली येतील असे ठेवा, पाय कंपाससारखे फाकवून, सगळे लांब पाय एकाच पट्टीवर, आखूड पाय दुसरीवर, सेलोटेपनं घट्ट दाबून बसवा, फेव्हिकॉल मधे आला तर करंट जात नाही. लांब पायांची पट्टी खालच्या कोपऱ्याजवळ आणून त्यावर सेल ठेवायचा, प्लस खाली. दुसरी पट्टी त्याच कोपऱ्याच्या टोकापर्यंत न्या आणि टोक सेलवर हलकंच दुमडा, म्हणजे दाबल्यावरच टेकेल.

आमचं इथंच अडलं. दाबलं तरी पेटेना, मी हात घालणार तेवढ्यात लेक म्हणाली, आई थांब ना मला बघू दे, आणि वाकून वाकून बघत बसली. सेलची कडसुद्धा प्लसच असते, वरची फॉइल मोठी झाल्यामुळे कडेला लागत होती, म्हणजे प्लस-मायनस तिथंच जोडले जाऊन करंट एलईडीपर्यंत जातच नव्हता. तिनं फॉइल नखाएवढी कापली, सेलच्या कडेनं टेप लावला, मधला भाग मोकळा ठेवला, आणि तिन्ही काजवे पेटले. तेव्हा प्लीज, मुलांच्या हातातून काढून घेऊ नका.

मग तिला एक पांढरा एलईडी हवा होता, तो लावला तर पेटल्यासारखाच वाटेना. पिवळ्याला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, त्यामुळे सगळा करंट पिवळ्यांतूनच जातो. एका कार्डात एकच रंग ठेवा. खेळून झालं की सेल काढून, दोन्ही बाजूंना टेप लावून वरच्या फळीवर.