शिळं डॉक्युमेंटेशन, ताजा बोर्ड: या चुका टाळा

"बोर्ड डेड झालाय" (बोर्ड म्हणजे रास्पबेरी पायसारखा एकाच पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर) असा निरोप आला की मी हल्ली एकच उलटा प्रश्न टाकतो: ज्या लेखावरून हे करतोयस तो कोणत्या सालचा? पलीकडे आधी शांतता. मग स्क्रोल करून झालं की उत्तर येतं, "२०१७". बोर्ड गेल्या महिन्यात घेतलेला, मेमरी कार्डावरची ऑपरेटिंग सिस्टिम परवा उतरवलेली, आणि कृती सात-आठ वर्षं जुनी. बोर्डाला बिचाऱ्याला काहीही झालेलं नसतं.

एका मित्राच्या मुलाचा किस्सा सांगतो. "काका, सतरा नंबरची पिन जळली वाटतं." रास्पबेरी पाय ४, एक एलईडी, एक रेझिस्टर, एवढाच पसारा. त्याने एलईडी उलटा लावून पाहिला, नवा लावला, ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पट्टी) बदलला, शेवटी तेच कार्ड दुसऱ्या पायमध्ये घातलं. तिथेही अंधार. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की दोन्ही बोर्डांची नेमकी सतरा नंबरचीच पिन जळली आहे!

मी म्हटलं स्क्रिप्ट दाखव. जुन्या लेखातून उचललेली शेल स्क्रिप्ट (म्हणजे कमांडांची यादी) होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एरर गुपचूप डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ढकलून दिलेली. लेखकाला आउटपुट स्वच्छ दिसायला हवं होतं म्हणे. ती शेपटी काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि टर्मिनलने लगेच तोंड उघडलं: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. मग सिस-क्लास-जीपीआयओ या डिरेक्टरीत डोकावलो (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या बोर्डावरच्या पिना). तिथे जीपीआयओचिप-५१२ नावाचं काहीतरी बसलेलं.

झालं होतं ते असं. पूर्वी पायवर या पिनांची मोजणी शून्यापासून व्हायची. ६.६ कर्नेल (सिस्टिमचा गाभा) आलं तशी ती ५१२ पासून सुरू झाली. म्हणजे सतरा नंबरची पिन या जुन्या रस्त्याने गेलं तर ५२९ झाली. आणि हा सिसएफएसचा, म्हणजे त्या डिरेक्टरीतल्या फाइलींचा, रस्ताच कर्नेलवाल्यांनी २०१६ मध्ये, ४.८ च्या वेळी, कालबाह्य ठरवून ठेवलाय. तरी लेख अजून त्याच वाटेने नेतात.

यावर मुलाचा पुढचा प्रश्न काय असावा? "मग सतराच्या जागी ५२९ टाकू?" टाकलं, दिवा लागला, पोरगं खूश. मला नेमका हाच शॉर्टकट सहन होत नाही. तो आकडा कायम राहील असं कोणी वचन दिलेलं नाही, पुढच्या अपडेटला पुन्हा अंधार झाला की पुन्हा पिन "जळणार". ती स्क्रिप्ट मी त्याला पुसायला लावली. नुसती पिन तपासायची तर पिनकंट्रोल हे छोटं टूल सिस्टिममध्येच असतं, त्याने पिन वर-खाली करून बघायची. प्रोग्राम लिहायचा तर पायथनमध्ये जीपीआयओ-झीरो ही लायब्ररी. त्यात सतराला सतराच म्हणतात.

या प्रकारानंतर माझी सवय पक्की झाली. लेख उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: बोर्डाचं नेमकं मॉडेल (प्रॉक डिरेक्टरीत डिव्हाइस-ट्रीखाली मॉडेल नावाची फाइल असते, ती वाचायची), सिस्टिमच्या आवृत्तीचं टोपणनाव (जुन्याकडून नव्याकडे बस्टर, बुल्सआय, बुकवर्म असं, ओएस-रिलीज फाइलमध्ये सापडतं) आणि कर्नेलचा आकडा (यूनेम कमांडने). "माझ्याकडे पाय आहे" हे मॉडेल होत नाही. पाय ५ मध्ये पिना आरपी-१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या, त्यामुळे आरपीआय-जीपीआयओ ही वर्षानुवर्षं चालत आलेली लायब्ररी तिथे पेरिफेरल बेस अ‍ॅड्रेस सापडत नाही म्हणून आडवी होते. लेख पाय ३ चा असेल तर यातलं अक्षरही त्यात नसणार.

मग लेखाचं वय काढायचं. तारीख छापलेली असली तर उत्तम, नसली तर शब्दांवरून कळतं. सिस्टिमला रास्पबियन म्हणतोय? मजकूर २०२० च्या आधीचा. लॉगिनला "पाय" आणि पासवर्डला "रास्पबेरी" सांगतोय? एप्रिल २०२२ च्या आधीचा, कारण तेव्हापासून तो आयता युजर काढून टाकलाय. फोटोसाठी रास्पिस्टिल कमांड? २०२१ च्या बुल्सआयआधीचा. नंतर ते काम लिबकॅमेरा-स्टिलकडे गेलं, आता आरपीआयकॅम-स्टिलकडे आहे. वायफायसाठी कार्डाच्या बूट पार्टिशनमध्ये, म्हणजे सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या भागात, डब्ल्यूपीए-सप्लिकंटची फाइल टाकायला लावतोय? २०२३ च्या बुकवर्मआधीचा. चॅटबॉटला विचारलंत तर तोही ही सगळी पिढ्यांची खिचडी मोठ्या आत्मविश्वासाने वाढतो, तेव्हा त्याच्या उत्तरालाही हीच चाळणी लावा.

कॉन्फिग डॉट टीएक्सटी, म्हणजे पायच्या सेटिंगांची फाइल, तिची गंमत तर रोजची. बुकवर्मपासून ही फाइल बूट डिरेक्टरीतून उठून तिच्याच आतल्या फर्मवेअर डिरेक्टरीत राहायला गेली. जुन्या जागी नुसती पाटी लावलीय: ही फाइल बदलू नका, खरी तिकडे आहे. ज्याने नॅनो एडिटरमध्ये फाइल उघडली त्याला पाटी दिसते. ज्याने लेखातली, फाइलच्या शेवटी ओळ जोडणारी इको कमांड डोळे मिटून चिकटवली, त्याची ओळ त्या पाटीच्याच खाली जाऊन बसते आणि चार रीबूट झाले तरी काही बदलत नाही. म्हणून मी कॉन्फिग फाइलमध्ये इकोने ओळ कधीच घालत नाही. उघडायची, वाचायची, मग हात लावायचा.

आता माझी स्वतःची फजिती. रॉकचिपच्या आरके-३३९९ चिपचा एक बोर्ड घेतला होता. स्क्रीनवर काही येईना, म्हणून सीरियल कन्सोल (बोर्डाचे संदेश वायरीने लॅपटॉपवर दाखवणारा) जोडला. बोर्डासोबतच्या पीडीएफमध्ये वेग छापला होता ११५२०० (सेकंदाला इतके बिट). जोडलं, पॉवर दिली आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्हं, चौकोन, उलटसुलट अक्षरं यांचा पाऊस. ग्राउंड ढिला असेल म्हणून वायर बदलली. टीएक्स-आरएक्सची (पाठवायच्या आणि घ्यायच्या वायरींची) अदलाबदल करून पाहिली, तर पूर्ण शुकशुकाट. परत पहिल्यासारखी केली, परत पाऊस. दोन संध्याकाळी यात गेल्या.

खरं तर उत्तर त्या पावसातच होतं. टीएक्स-आरएक्स उलट असते तर काहीच दिसलं नसतं. कचरा का होईना, येतोय म्हणजे वायर जवळपास नक्की बरोबर, वेग चुकलाय. तिसऱ्या दिवशी कार्ड लॅपटॉपला लावून बूट डिरेक्टरीतली कर्नेलला दिली जाणारी ओळ वाचली, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: कन्सोल टीटीवायएस-२, वेग १५०००००. पंधरा लाख! रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर हाच वेग असतो. पीडीएफ बहुधा दुसऱ्याच कुठल्या बोर्डावरून ढापलेली.

वेग बदलला, तरी पाऊस. आता मात्र डोकं फिरायची वेळ आली. लॅपटॉपला लावलेला यूएसबी-सीरियल अडाप्टर सीपी-२१०२ चिपचा होता आणि त्याची मजल दहा लाखांपर्यंतच. एफटी-२३२ चा अडाप्टर लावला आणि पहिल्याच बूटला यूबूटच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळी स्वच्छ वाचता आल्या. तेव्हापासून पीडीएफ काय म्हणते ते मी नंतर वाचतो. आधी कार्डावर काय लिहिलंय ते बघतो, कारण बोर्ड तेच वाचून चालू होणार असतो.

सीरियल अडाप्टरबद्दल एवढंच: जंपर ३.३ व्होल्टवर ठेवा आणि लाल वायर जोडू नका. बोर्डाला त्याची पॉवर वेगळी मिळतेच आहे.

पॉवरवरून आठवलं. यूएसबी लावली की रीबूट होतो, वायफाय मधेच पडतं, कार्ड करप्ट होतं, अशा तक्रारी आल्या की लोक आधी ड्रायव्हर शोधायला पळतात. पायवर व्हीसीजेन-कमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा, दोन सेकंदांचं काम आहे. उत्तर ०एक्स० आलं तर पॉवरवरचा संशय बाजूला ठेवा. ०एक्स५०००५ आलं तर याच क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यापायी प्रोसेसरचा वेगही कापला जातोय. ०एक्स५०००० आलं तर आत्ता ठीक आहे, पण बूट झाल्यापासून हे कधीतरी घडून गेलंय. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड ही नोंद करतो. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर हवेत, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलचा चार्जर आणि सापडेल ती बारीक केबल लावून "माझ्याकडे चालतंय की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते परत येतात.

बाकीच्या चुका भराभर सांगतो, यांवर बोलून घसा बसलाय.

पिपने (पायथनची पॅकेजेस घालणारं टूल) एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट म्हणून अडवलं की ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावून मोकळं होणे. अहो, त्या ऑप्शनच्या नावातच "मोडा" लिहिलंय. व्हेन्व्ह, म्हणजे पायथनचं वेगळं आवार, बनवा.

जुन्या लेखातली पहिली ओळ म्हणून आरपीआय-अपडेट चालवणे. त्याने चाचणीतलं कर्नेल आणि फर्मवेअर येतं. साधं अपडेट हवं तर एपीटी हे सिस्टिमचं नेहमीचं टूल आहे.

एपीटीला ४०४ यायला लागलं म्हणून सोर्सेसच्या यादीत बस्टर खोडून थेट बुकवर्म लिहिणे. नवीन कार्डावर नवी सिस्टिम उतरवा, जुनं कार्ड जपून बाजूला ठेवा.

आय-टू-सीचा (दोन वायरींवर बोलणारा) सेन्सर बस ० वर शोधणे. पायच्या अगदी पहिल्या रिव्हिजनवर तो तिथे होता, दुसऱ्या रिव्हिजनपासून बस १ वर आहे.

पिनांचे आकडे मिसळणे. हेडरवरची अकरावी पिन म्हणजे जीपीआयओ १७ आणि वायरिंगपाय या लायब्ररीच्या मोजणीत तीच शून्य. लेख कोणत्या मोजणीत बोलतोय ते कळेपर्यंत वायर हातातच राहू द्या.

बीगलबोन या दुसऱ्या बोर्डावर केपमॅनेजरची (जोडकार्डं ओळखणारी जुनी सोय) स्लॉट्स फाइल शोधत बसणे. ओव्हरले (जोडलेल्या हार्डवेअरची माहिती) आता यूबूट चढवतं, यूएनव्ही डॉट टीएक्सटीमध्ये बघा. तसंच ऑलविनर चिपच्या बोर्डांवर एफईएक्स (बोर्डाचं वर्णन करणारी) फाइल बदला म्हणणारा लेख ३.४ कर्नेलच्या जमान्यातला आहे, मेनलाइन (मूळ, अधिकृत) कर्नेलला त्या फाइलशी काही देणंघेणं नाही.

आणि प्रत्येक एररवर कार्ड पुन्हा फ्लॅश करणे. हा अधीरपणा मला सगळ्यात जास्त खटकतो. डीमेसेज, जर्नल या सिस्टिमच्या लॉगांमध्ये काय लिहिलं होतं ते सगळं त्यात पुसलं जातं, आणि मग मला विचारतात काय चुकलं असेल! आधी लॉग कुठेतरी उतरवून घ्या, मग खुशाल फ्लॅश करा.

मी जुळलेल्या गोष्टी एका वहीत लिहून ठेवतो. त्यात एका पानावर स्टॅटिक आयपीची (बोर्डाच्या न बदलणाऱ्या नेटवर्क पत्त्याची) कृती आहे, डीएचसीपीसीडीच्या कॉन्फिग फाइलवाली. त्यावर आता आडवी काट मारलीय आणि बाजूला एनएमटीयूआय (नेटवर्क मॅनेजरची कमांड) लिहिलंय, कारण बुकवर्मपासून नेटवर्क मॅनेजर आला. त्या पानावर तारीख घालायची राहिली होती. दोन वेळा मी स्वतःच त्या पानावरून कृती करत बसलो, आणि दुसऱ्या वेळी तर राउटरलाही शिव्या घालून झाल्या होत्या.